लष्कराच्या भाकऱ्या



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात, ज्या गुरुजींनी ती गिरवून घेतली त्यांच्या स्मरणार्थ, आज मला बोलण्यासाठी उभे केलेत, हा माझ्या आयुष्यातील मोठा मान आहे. हैदराबादसारख्या तेलुगू, उर्दू आणि मराठी एकाच गल्लीत नांदणाऱ्या शहरात ही शाळा पिढ्यान् पिढ्या टिकली, ती शासनाच्या कृपेपेक्षा लोकांच्या पदरमोडीवर अधिक. तेव्हा या ठिकाणी सेवेविषयी बोलणे म्हणजे एका अर्थी घरच्याच गोष्टी घरात सांगणे आहे.

मी मराठीचा शिक्षक. कोणत्याही विषयाकडे मी शब्दांच्या दारातून जातो. आपल्या भाषेत एक वाक्प्रचार आहे: ‘घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’. ज्याच्याशी आपला संबंध नाही असे काम, मोबदल्याची आशा नसताना, स्वतःच्या खर्चाने करीत बसणे असा त्याचा अर्थ. आपण तो बहुधा उपहासाने वापरतो. मुलगा रक्तदान शिबिरात राबून रात्री उशिरा घरी आला की वडील म्हणतात, ‘झाल्या का लष्कराच्या भाकऱ्या भाजून?’ या वाक्प्रचाराचा उत्तरार्ध आपल्या लक्षात राहतो. पूर्वार्धाकडे आपले लक्ष जात नाही. ‘घरचे खाऊन’ हे दोन शब्द त्यात फार महत्त्वाचे आहेत. ज्याच्या घरी खायला आहे, तोच घरचे खाऊन परक्याच्या भाकऱ्या भाजू शकतो. ज्याच्या घरी नाही, त्याने काय करावे? त्याला सेवेचा हक्क नाही काय? आजच्या व्याख्यानात मला हाच प्रश्न आपल्यापुढे मांडायचा आहे.

प्रथम गुरुजींची एक आठवण सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कामाच्या शोधात आलेली कुटुंबे काचिगुडा स्थानकाच्या आसपास पथारी टाकून असत. आम्ही दहाबारा माजी विद्यार्थी घरोघर फिरून धान्य आणि जुने कपडे गोळा करीत होतो. सायंकाळी गुरुजींच्या घरी सारे जमा करायचे, असा क्रम होता. आम्ही पोती खाली टाकली की गुरुजी धान्य किती जमले हे कधी आधी विचारीत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: ‘जेवलात का रे?’ काकूंनी पिठले-भाकरी तयार ठेवलेली असायची. आमच्यातील एकाच्या घरी त्या दिवसांत एक वेळच चूल पेटत होती, हे गुरुजींना ठाऊक होते आणि आम्हांला नव्हते. सर्वांना जेवू घालून त्यांनी त्या एकाची लाज राखली. त्याचा अर्थ कळायला मला पुढे वीस वर्षे लागली.

आता थोडा इतिहास. स्वतंत्र भारतात तरुणांच्या राष्ट्रसेवेचा पद्धतशीर विचार करणाऱ्या पहिल्या प्रमुख समित्यांपैकी एका समितीचे अध्यक्ष एक मराठी गृहस्थ होते: डॉ. चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि आम्हां मराठीच्या माणसांना अधिक जवळचे वाटावे म्हणून सांगतो, ‘मेघदूता’चे मराठी अनुवादक. त्यांचे अखेरचे वास्तव्य आपल्या हैदराबादेतच होते आणि १९८२ साली येथेच त्यांचे देहावसान झाले. १९५९ साली त्यांच्या समितीने अशी शिफारस केली की, माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा केली पाहिजे. त्यात थोडे लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण या चारही गोष्टी असाव्यात. ही सेवा सक्तीची असावी, असे समितीचे मत होते.

ती शिफारस स्वीकारली गेली नाही. त्याची दोन कारणे होती: खर्च आणि अंमलबजावणीतील अडचणी. म्हणजे लाखो मुलांना वर्षभर कोठे ठेवायचे, काय खायला घालायचे, त्यांच्याकडून काम कोणी करून घ्यायचे, या प्रश्नांपाशी ती योजना थांबली. श्रोतेहो, सेवेच्या ध्येयाविषयी कोणाचे दुमत नव्हते. अडले ते शिदोरीपाशी.

त्यानंतर प्रा. ख्वाजा गुलाम सय्यदैन यांनी अनेक देशांतील युवकसेवेचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी असे सुचविले. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा अंतर्भाव असावा असे म्हटले. आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ केला. पहिल्या वर्षी ४०,००० विद्यार्थी होते. आज ही संख्या चाळीस लाखांच्या आसपास सांगितली जाते. वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास नियमित काम आणि एक विशेष निवासी शिबिर, असे तिचे साधे स्वरूप आहे. ‘मी नव्हे, तू’ या आशयाचे तिचे बोधवाक्य आहे, आणि बोधचिन्हात कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक.

मी महाविद्यालयात शिकत असतानाच ही योजना आली आणि पुढे प्राध्यापक झाल्यावर अनेक वर्षे मी तिचा कार्यक्रम अधिकारी होतो. शिबिरांत मी मुलांकडून रस्ते बांधून घेतले, झाडे लावून घेतली. त्यांतील बरीच झाडे जगली नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण १९९३ साली असा प्रसंग आला की, त्याने मला या विषयाचा विद्यार्थी करून सोडले.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी ती घरे होती. जे छत उन्हापासून रक्षण करीत होते, तेच झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे गेली. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होता. आपल्यातील कित्येकांचे नातेवाईक तेथे होते. आमच्या महाविद्यालयाचा वीस मुलांचा गट तिसऱ्या दिवशी जहिराबाद, हुमनाबाद, उमरगा या मार्गाने तेथे पोहोचला. पाऊस लागून राहिला होता.

त्या गटात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. त्याचे नाव मी सांगणार नाही. त्याचे वडील सुलतान बाजारच्या एका बोळात शिवणकाम करीत. ढिगारे उपसण्यासाठी म्हणून आम्ही गेलो. पण दुसऱ्याच दिवशी त्याचे खरे काम त्याला सापडले. हैदराबादहून आलेल्या डॉक्टरांच्या एका पथकाला मराठी येत नव्हते. रुग्ण सांगत, ‘अंगात कसर आहे’, ‘पाठीत उसण भरली आहे’, ‘काळजात कालवतंय’. हे शब्द कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात नाहीत. कसर म्हणजे अंगात मुरलेला बारीक ताप, उसण म्हणजे आखडलेल्या स्नायूची कळ, हे त्या मुलाने तेलुगूत समजावून सांगितले. आणि ‘काळजात कालवतंय’ म्हणणाऱ्या बाईला हृदयाचा विकार नसून तिची दोन मुले ढिगाऱ्याखाली गेली आहेत, हेही त्यानेच डॉक्टरांना हलक्या आवाजात सांगितले. आपल्या या सीमेवरच्या, सरमिसळ मराठीची आपण पुष्कळदा लाज बाळगतो. त्या तंबूत मी तिचे मोल पाहिले.

आठव्या दिवशी आमचा गट परतला. डॉक्टरांनी त्या मुलाला मागून घेतले. मी अभिमानाने होकार दिला. तो आणखी चोवीस दिवस तेथे राहिला. परत आला तो कावीळ घेऊन. अंथरुणावर आणखी महिना गेला. वर्षाअखेरीस त्याची उपस्थिती पंचाहत्तर टक्क्यांच्या नियमाला कमी पडली आणि त्याला परीक्षेला बसू दिले नाही.

मी कार्यालयात गेलो. तोंडी विनंती केली. नियम म्हणजे नियम, असे उत्तर मिळाले. मी परत आलो. श्रोतेहो, माझे कबुलीचे वाक्य हे आहे: मी परत आलो. मी लेखी अर्ज केला नाही, विद्यापीठाकडे गेलो नाही, त्याला ठेवून घेताना त्याच्या रजेचे एक ओळीचे पत्रही मी कोणाला दिलेले नव्हते. त्याच्या औषधांचा खर्च कोणी केला, हेही मी विचारले नाही. त्याच वर्षीच्या वार्षिक अहवालात त्या मुलाचे रुग्णशय्या उचलतानाचे छायाचित्र छापले गेले. त्याखालचा गौरवपर मजकूर माझ्या हातचा होता. तो मजकूर छापून आला, तेव्हा मुलगा शिक्षण सोडून वडिलांच्या यंत्रावर बसला होता. एक वर्ष वाया घालवणे त्या घराला परवडणारे नव्हते.

त्याच गटात एका सुखवस्तू घरातला विद्यार्थीही होता. तोही आजारी पडला. त्याची शुश्रूषा झाली, खासगी शिकवणी लागली, तो पुढे गेला. त्याचा सेवाभाव खरा होता, त्यात मी काही उणे काढीत नाही. पण एकच सेवा एकाला अलंकार ठरली आणि दुसऱ्याला दंड. ‘घरचे खाऊन’ या दोन शब्दांचा अर्थ मला असा कळला. आणि गुरुजींचा ‘जेवलात का रे?’ हा प्रश्नही तेव्हाच कळला.

संस्थांना असे प्रसंग निभावता येत नाहीत असे नाही. आपल्याच शहराच्या इतिहासात त्याचा दाखला आहे. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी आपले दार उघडले. त्या चळवळीत सहभागी असलेले एक तरुण, पी. व्ही. नरसिंह राव, निजामाच्या राज्याबाहेर पुण्यात आणि नागपुरात शिकले. त्यांनी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली, आणि किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तेच देशाचे पंतप्रधान होते. एका विद्यापीठाने दार बंद केले, दुसऱ्याने उघडले. नियम दोन्हीकडे होते. फरक होता तो त्या मुलांना आपले मानण्याचा.

आता कोणी म्हणेल की, सेवेला मोबदला आला की ती सेवा राहत नाही, चाकरी होते. हा आक्षेप हलका नाही. पण येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. मोबदला हा कामाचे मोल म्हणून दिला जातो. शिदोरी ही काम करता यावे म्हणून दिली जाते. आषाढीला पंढरपूरची वाट चालणाऱ्या वारकऱ्यांना वाटेवरची गावे जेवू घालतात, पाय चेपतात, रात्रीचा निवारा देतात. त्यामुळे वारकऱ्याची भक्ती उणी झाली असे म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. उलट, ज्याला स्वतः वारीला जाता येत नाही त्याला त्या पंगतीतून वारीचे पुण्य लाभते, अशी आपली श्रद्धा आहे. जो जातो तो आणि जो त्याला जाऊ देतो तो, दोघेही त्या वारीत असतात. सेवेकऱ्याला आधार देण्याचे हे तत्त्व आपल्याला परदेशातून आणण्याची गरज नाही.

शासनानेही हे थोडेफार ओळखले आहे. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय युवा कोर योजनेत पूर्ण वेळ काम करणाऱ्या तरुणांना मासिक मानधन ठेवले गेले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘मेरा युवा भारत’ ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. पंधरा ते एकोणतीस वयाच्या कोणाही तरुणाला तिच्याशी जोडून घेता यावे, हा तिचा हेतू आहे. महाविद्यालयाच्या भिंतीबाहेरच्या तरुणाचा विचार व्हावा, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. किल्लारीत आम्हां पदवीधरांपेक्षा वीजतंत्री, वाहनचालक, गवंडी आणि परिचारिका अधिक उपयोगी पडत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण नावे नोंदवणे ही एक गोष्ट आणि नोंदलेल्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे ही दुसरी. रोजंदारीवरच्या गवंड्याने सात दिवस सेवेला दिले, तर त्याच्या घरच्या सात दिवसांच्या चुलीचे काय, याचे उत्तर नोंदवहीत मिळत नाही.

म्हणून मला वाटते की, सेवेच्या संधी वाढवणे आणि सेवेकऱ्याला आधार देणे ही दोन कामे नाहीत, एकच काम आहे. आधार नसेल तर संधी फक्त सुस्थितीतल्या घरांसाठी उरते. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. मुलीला शिबिराला पाठवायला आईवडील तयार नसतात, तेव्हा आपण त्यांना मागासलेले म्हणून मोकळे होतो. पण राहण्याची स्वतंत्र जागा, सोबत एक जबाबदार बाई आणि परतीच्या प्रवासाची लेखी हमी एवढे दिल्यावर नकार देणारे पालक मला क्वचितच भेटले. सेवेच्या आड बहुधा विचार येत नाही, व्यवस्था येते.

सक्तीविषयीही एक शब्द. चिंतामणरावांविषयी संपूर्ण आदर राखून मी ऐच्छिकतेच्या बाजूचा आहे. सक्तीने हजेरी मिळते, मन मिळत नाही. मात्र ऐच्छिकतेच्या नावाखाली आपण जबाबदारी झटकू नये. ‘तू स्वेच्छेने गेलास, आता तुझे तू पाहा’ असे म्हणणारा समाज स्वेच्छा या शब्दाचा अपमान करतो. ‘मी नव्हे, तू’ हे वाक्य स्वयंसेवकाने समाजाला म्हणायचे असते, तसे समाजानेही ते कधीतरी स्वयंसेवकाला म्हटले पाहिजे.

माझ्या त्या विद्यार्थ्याची गोष्ट अर्धी राहिली आहे. २०१८ साली मी एका कपड्याच्या दुरुस्तीसाठी सुलतान बाजारात गेलो असता तो भेटला. मीच त्याला ओळखले नाही. त्याने मला ओळखले. दुकान आता त्याचे होते. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. किल्लारीचा विषय त्याने काढला नाही, मलाही धीर झाला नाही. निघताना तो म्हणाला, ‘सर, धाकटा कॉलेजात आहे. सेवा योजनेच्या शिबिराला जातो म्हणतो. पाठवू का?’

पन्नास वर्षे मी व्यासपीठांवरून मुलांना ‘जा’ म्हणत आलो होतो. त्या माणसासमोर मला ‘हो’ म्हणता आले नाही. मी म्हटले, ‘दोन दिवस थांब.’ मी त्या मुलाच्या महाविद्यालयात गेलो. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि म्हाताऱ्याला कोणी लवकर हाकलत नाही, या दोन्हींचा मी लाभ घेतला. शिबिराचे दिवस उपस्थितीत धरले जातील, परीक्षा हुकल्यास पुन्हा घेतली जाईल आणि आजारी पडल्यास उपचाराची जबाबदारी कोणाची, या तीन गोष्टी मी लेखी मागितल्या. तिसऱ्या दिवशी कागद मिळाला. तो मी दुकानात नेऊन दिला. त्याने तो वाचला, घडी करून यंत्राच्या खणात ठेवला आणि म्हणाला, ‘आता जाऊ दे त्याला.’ एवढेच. मला क्षमा केली असे तो म्हणाला नाही, आणि मीही ती मागितली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एवढा एक कागद मी लिहिला असता, तर एक मुलगा पदवीधर झाला असता.

म्हणून माजी विद्यार्थी मित्रांनो, गुरुजींच्या स्मरणार्थ केवळ व्याख्यान न ठेवता एक ‘शिदोरी निधी’ उभा करावा, अशी माझी आपणांस नम्र विनंती आहे. तो मोठा असण्याची आवश्यकता नाही. या शाळेतून बाहेर पडलेला कोणीही तरुण वा तरुणी, मग ती महाविद्यालयात असो वा कारखान्यात, आपत्तीत वा शिबिरात सेवेला निघाली, तर जाण्यापूर्वी तिचे लसीकरण, विमा आणि रजेचे पत्र यांची काळजी निधीने घ्यावी. तेथे असताना प्रवास आणि जेवणाचा खर्च द्यावा. घर रोजंदारीवर चालत असेल, तर बुडालेल्या रोजाची भरपाई गाजावाजा न करता करावी. आणि परतल्यावर बुडालेला अभ्यास कोणीतरी बसून करून घ्यावा. या सभागृहात निवृत्त शिक्षक कमी नाहीत. गणित, इंग्रजी, विज्ञान कोणी कोणते शिकवावे, हे आपण आजच ठरवू शकतो. मराठी माझ्याकडे. प्रमाणपत्रही द्यावे, पण त्यात ‘उत्कृष्ट सेवा केली’ असे मोघम न लिहिता तिने नेमके काय केले ते लिहावे. ‘चोवीस दिवस रुग्णांचे बोलणे डॉक्टरांना समजावून दिले’ असे एक वाक्य माझ्या विद्यार्थ्याजवळ असते, तर पुढे कोठेतरी ते उपयोगी पडले असते.

या निधीत घालण्यासाठी मी पहिली अल्पशी रक्कम अध्यक्ष महोदयांकडे आणून ठेवली आहे. ती दान नव्हे. ते माझ्याकडे १९९३ सालापासून राहिलेले देणे आहे.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांला मी एवढेच सांगेन की, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला जरूर जा. त्यात कमीपणा नाही. आणि येथे बसलेल्या मोठ्या माणसांनो, ती मुले परत येतील तेव्हा दारात उभे राहून त्यांना पहिला प्रश्न तोच विचारा, जो गुरुजी आम्हांला विचारीत असत: ‘जेवलात का रे?’